ताबा लांबल्याची सूचना

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेचा ताबा साठेखतातल्या (विक्रीच्या करारातल्या) तारखेला देता येणार नाही, असे बिल्डरने खरेदीदाराला लेखी कळवणे. सातारा-सांगलीकडे अनेक घरांत गृहप्रवेश दसरा किंवा पाडवा धरून ठरतो आणि भाड्याची खोलीही त्याच बेताने सोडली जाते. पत्र उशिरा आले, की भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही डोक्यावर बसतात.

अशा पत्राने तारीख आपोआप पुढे जात नाही, ही यातली मुख्य गोष्ट. रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन व विकास) कायद्याच्या (२०१६) कलम १३ नुसार ताब्याची तारीख नोंदणीकृत करारातच लिहावी लागते. राज्याच्या नमुना करारात मुदतवाढीची कारणे मोजकी आहेत: युद्ध, दंगल, नैसर्गिक आपत्ती आणि सरकारचे किंवा न्यायालयाचे आदेश. सांगलीत हे कलम नुसते कागदावरचे नाही. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले होते. तरीही वाढ ‘वाजवी’च हवी. पंधरा दिवस काम थांबले म्हणून वर्षभराची सवलत मागणे त्या शब्दात बसत नाही. महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, प्रकल्प नोंदवताना बिल्डरने नवी तारीख दिली, तरी उशीर मोजायचा तो करारातल्या तारखेपासूनच, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये नीलकमल रिअल्टर्स प्रकरणात म्हटले.

तारीख टळल्यास कलम १८ खाली खरेदीदार व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा घर ठेवून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेऊ शकतो. व्याजदर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरपेक्षा (बँकेने कर्जासाठी ठरवलेल्या आधारदरापेक्षा) २ टक्के जास्त असतो. तक्रार महारेराकडे करता येते.

५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा ८ पर्यंत सदनिका असलेल्या प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. तालुक्याच्या गावांतल्या छोट्या इमारती यात मोडतात, आणि तिथला खरेदीदार सर्वांत उघड्यावर असतो. त्याला १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याच्या कलम ८ चा आधार आहे: रक्कम परत, ९ टक्के सरळव्याजासह.

घर तयार झाल्याची सूचना वेगळी. नमुना करारानुसार भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला) मिळाल्यापासून ७ दिवसांत बिल्डरने ताबा घेण्याविषयी लेखी कळवायचे आणि खरेदीदाराने १५ दिवसांत ताबा घ्यायचा. साताऱ्यात हे प्रमाणपत्र नगरपालिका देते, सांगलीत महापालिका. ते नसताना नुसती किल्ली हातात दिली, तर तो कायदेशीर ताबा नव्हे.