तंत्रज्ञान नेतृत्व आणि व्यवसायमूल्य

संगणकप्रणाली, माहितीसाठे आणि ते सांभाळणारी माणसे यांवर संस्था जो पैसा खर्च करते, त्याचा तिच्या धंद्याला उपयोग होतो की नाही हे पाहणे, ही तंत्रज्ञान प्रमुखाची मुख्य जबाबदारी. उपयोगाची रूपे बरीच आहेत. उत्पन्न वाढते, खर्च उतरतो, काम लवकर उरकते, धोका टळतो, किंवा पूर्वी करताच येत नव्हते ते करता येऊ लागते. शेवटचा प्रकार सर्वांत मोलाचा, पण बजेट मागताना पटवून द्यायला तोच सर्वांत अवघड.

प्रणाली सुरू झाली की बहुतेक खर्च होऊन गेलेला असतो. फायदा मात्र कोणाचे तरी रोजचे काम बदलल्यावरच सुरू होतो, आणि ते काम बदलण्याचा अधिकार सहसा तंत्रज्ञान प्रमुखाकडे नसतो. या विषयातल्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

पदाचा इतिहास

संगणक कचेऱ्यांत आला तो हिशेबासाठी. त्यामुळे ‘डेटा प्रोसेसिंग मॅनेजर’ बहुधा वित्त विभागाच्या हाताखाली असे, आणि त्याच्याकडून अपेक्षा एवढीच, की पगारपत्रक वेळेवर छापले जावे. ‘मुख्य माहिती अधिकारी’ म्हणजे सीआयओ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय विल्यम सिनॉट आणि विल्यम ग्रूबर यांच्या १९८१ च्या पुस्तकाला दिले जाते. माहिती ही भांडवलासारखीच संस्थेची साधनसंपत्ती आहे, तेव्हा तिची जबाबदारी वरिष्ठ पातळीवर हवी, असा त्यांचा आग्रह होता. मुख्य तंत्रज्ञान अधिकारी म्हणजे सीटीओ, मुख्य डेटा अधिकारी ही पदे पुढे आली. कोणत्या पदाकडे काय, याच्या सीमा प्रत्येक संस्थेत वेगळ्या असतात. त्यावरच्या वादात फारसे तथ्य नाही.

लिओ : पहिले उदाहरण

व्यवसायाच्या नेहमीच्या कामासाठी संगणक प्रथम वापरला तो ब्रिटनमधल्या चहागृहे चालवणाऱ्या जे. लायन्स अँड कंपनीने. जॉन सिमन्स हे गणिताचे पदवीधर कंपनीची कार्यालयीन व्यवस्था पाहत. केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक संगणकाच्या कामाला कंपनीने ३,००० पौंडांची मदत केली आणि त्याच धर्तीवर स्वतःचा ‘लिओ’ उभारला. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीतल्या मालाच्या मूल्यांकनाचे काम नियमित चालू लागले.

यंत्राइतकेच महत्त्व त्याआधीच्या वीस वर्षांना आहे. कार्यालयातला प्रत्येक कागद कुठून येतो, कुठे जातो आणि कशासाठी, याचा अभ्यास करणारा विभाग लायन्समध्ये १९३० च्या दशकापासून होता. चहागृहांच्या मागणीचेच पाहा. प्रत्येक चहागृहाची आठवड्यातल्या प्रत्येक वाराची ठरलेली मागणी आधीच नोंदवलेली असे. व्यवस्थापिकेला ठरलेल्या वेळी फोन येई आणि ती त्यात करायचे फेरफारच तेवढे सांगे. फोनवरची मुलगी ऐकता ऐकता थेट कार्ड पंच करी, म्हणजे संगणकाला वाचता येतील अशी छिद्रे त्यावर पाडी. यात सर्व मागणी रोज नव्याने लिहिणे वाचले. संगणकाचा वेग कामी आला तो कामाची अशी फेरमांडणी झाल्यावर.

उत्पादकतेचे कोडे

पुढची काही दशके संगणकावर अफाट पैसा ओतूनही परिणाम दिसेना. संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लिहिले. या कोड्याचे एक पटणारे उत्तर आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या उदाहरणाने दिले. वाफेच्या कारखान्यात एकच मोठे इंजिन असे. छताखालून लांबलचक दांडा फिरे आणि त्यावरून खाली आलेल्या पट्ट्यांवर सगळी यंत्रे चालत. दांड्याजवळ जागा मिळेल तसे यंत्र बसवायचे, कामाचा क्रम काहीही असो. वीज आल्यावर बऱ्याच मालकांनी इंजिन काढून तिथे मोठी मोटर बसवली. दांडा आणि पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कामाच्या क्रमाने कारखाना मांडायला आणखी काही दशके गेली. विजेचा खरा लाभ तेव्हा दिसला.

आजच्या कचेरीतही हा दांडा सापडतो. नवी ईआरपी, म्हणजे हिशेब, खरेदी, साठा अशी सगळ्या विभागांची कामे एकत्र सांभाळणारी प्रणाली, सुरू होऊन तीन महिने झाल्यावर एखाद्या कारकुनाच्या शेजारी तासभर बसावे. तो नव्या स्क्रीनवर नोंद करतो, मग तीच नोंद स्वतःच्या एक्सेलमध्ये करतो, कारण साहेबांना सोमवारचा तक्ता जुन्याच साच्यात लागतो. डॅशबोर्डवर ‘वापर १०० टक्के’ असे झळकत असते. आकडा खरा असतो आणि काम दुप्पट झालेले असते.

मूल्य पदरात पाडून घेणे

मंजुरी मागताना फायद्याचे आकडे तपशिलाने लिहिले जातात आणि मंजुरी मिळाली की तो कागद बहुधा कोणी पुन्हा उघडत नाही. म्हणून अनुभवी प्रमुख दोन गोष्टींवर अडून बसतो. आजची स्थिती आधी मोजून ठेवायची : बिल निघायला किती दिवस लागतात, शंभरातल्या किती मागण्या चुकून परत येतात. हे राहिले तर नंतर सुधारणा झाली की नाही, यावर नुसती मते उरतात. शिवाय प्रत्येक फायद्यापुढे एका माणसाचे नाव लिहायचे, आणि ते आयटीतले नको. या प्रणालीने विक्री वाढेल असे विक्रीप्रमुख म्हणत असेल, तर वाढीचा तो आकडा त्याच्याच पुढच्या वर्षीच्या उद्दिष्टात जायला हवा. पुष्कळ मागण्या या टप्प्यावर मुकाट्याने मागे घेतल्या जातात, आणि त्यातही संस्थेचा पैसा वाचतोच.

सर्वांत फसवा आकडा ‘वाचलेल्या वेळेचा’. समजा, ५०० जणांची रोज १५ मिनिटे वाचली. कागदावर रोजचे १२५ तास झाले. पण पगार तेवढाच राहिला, नवी भरती थांबली नाही आणि ग्राहकाला उत्तरही लवकर मिळाले नाही, तर ताळेबंदात काहीच हलत नाही. पंधरा मिनिटांचे पुढे काय करायचे, हे विभागप्रमुखाने ठरवावे लागते.

मोठा लाभ बहुधा निर्णय सुधारल्याने होतो. अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएमसोबत १९६० च्या दशकात उभारलेली ‘सेबर’ ही प्रणाली आधी आरक्षणाच्या नोंदींपुरती होती. त्याच नोंदींवरून पुढे, कोणत्या उड्डाणात स्वस्त तिकिटे किती विकायची आणि उशिरा येणाऱ्या, जास्त पैसे देणाऱ्या प्रवाशासाठी किती जागा राखायच्या, हे ठरू लागले. यातून तीन वर्षांत १.४ अब्ज डॉलरचा लाभ झाल्याचा अंदाज कंपनीच्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये मांडला. यूपीएस या कुरियर कंपनीच्या ‘ओरायन’ या मार्गनिश्चितीच्या प्रणालीने वर्षाला सुमारे १० कोटी मैलांचा प्रवास वाचतो, असे कंपनी सांगते. त्यासाठी वर्षानुवर्षे आपल्याच रस्त्याने जाणाऱ्या चालकांना यंत्राने सुचवलेला मार्ग पटवून द्यावा लागला.

तंत्रज्ञान सर्वांनाच मिळू लागले की त्याने कोणालाही वेगळी आघाडी मिळत नाही, असा मुद्दा निकोलस कार यांनी २००३ मध्ये मांडला आणि त्यावर मोठे वादळ उठले. विकत मिळणाऱ्या सामग्रीपुरते त्यांचे म्हणणे खरेच होते. मात्र तीच सामग्री घेऊन दोन संस्था सारख्याच चालतात, असे दिसत नाही.

टळलेले नुकसान

जुन्या प्रणाली बंद करणे हे कोणालाच न आवडणारे काम. नवी आली तरी जुनी ‘असू दे, लागेल कधी’ म्हणून चालू राहते. परवाना, देखभाल आणि ती समजणारा एकमेव माणूस, तिन्ही पोसावे लागतात. घाईत केलेल्या तडजोडीची किंमत पुढे व्याजासारखी मोजावी लागते, म्हणून तिला ‘तांत्रिक कर्ज’ म्हणण्याची कल्पना वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये मांडली.

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीत आठपैकी सात सर्व्हरवर नवा कोड गेला, आठवा राहिला. त्यावर कित्येक वर्षे न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. बाजार उघडण्यापूर्वी यंत्रणेने त्या चुकीकडे बोट दाखवणारे ९७ ई-मेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते धोक्याची सूचना म्हणून योजलेले नव्हते, त्यामुळे कोणी दखल घेतली नाही. असा प्रसंग टाळणाऱ्या प्रमुखाच्या वार्षिक अहवालात मात्र दाखवायला काहीच नसते.

जबाबदारी आता व्यक्तीपर्यंत पोचू लागली आहे. ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर हलवली. माहिती नीट पोचली, प्रणाली कोसळली, आणि व्यवहार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. बँकेला नियामकांनी २०२२ मध्ये ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. पुढल्या वर्षी बँकेच्या तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही ८१,६२० पौंडांचा दंड झाला : नव्या प्रणालीचा पुरवठादार तयार आहे की नाही, याची पुरेशी खातरजमा त्याने केली नव्हती.