कोअर धुवायचा की नाही? वेटॅबिलिटी संशोधनाची पार्श्वभूमी

तेलसाठ्यातला खडक पाण्याला बिलगतो की तेलाला (या कलालाच वेटॅबिलिटी म्हणतात), या एका प्रश्नामागे पेट्रोलियम अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकांनी कित्येक दशकं घालवली. ते मूळचे इंग्लंडचे. न्यू मेक्सिकोत काम करून ते वायोमिंगमधल्या लॅरमीच्या विद्यापीठात आले. तेल बाहेर ढकलण्यासाठी तेलक्षेत्रात कमी क्षारांचं पाणी सोडण्याची जी चर्चा आज चालते, तिची मुळं बरीचशी त्यांच्या प्रयोगशाळेत आहेत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. 1856 मध्ये फ्रान्समधल्या दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम सापडला. 1930 च्या दशकात त्यावरून पारगम्यतेचं, म्हणजे खडकातून द्रव किती सहज वाहतो याचं, एकक ठरलं आणि 1942 मध्ये विद्युतरोधावरून खडकातलं पाणी मोजायचं सूत्र आलं. या सगळ्या काळात बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरली होती: साठ्यात आधी पाणी होतं, तेल नंतर आलं, म्हणजे कणांच्या अंगाला पाणीच चिकटलेलं असणार.

इथे शब्दाचा घोळ होतो. वेटॅबिलिटीला काही जण ‘आर्द्रता’ म्हणतात, ते चूकच आहे. ‘वॉटर-वेट’ खडक म्हणजे पाण्याने भरलेला खडक नव्हे. त्याच्या छिद्रांत बहुतांश तेल असू शकतं, फक्त कणांच्या पृष्ठभागावर पातळ थर पाण्याचा असतो. नवा माठ पाणी आपोआप पितो. वर्षानुवर्षं तेल मुरलेल्या लाकडी पोळपाटावर मात्र पाण्याचे थेंब तसेच उभे राहतात. दोन्ही सच्छिद्रच, पण कल वेगळा. तेलातले डांबरासारखे जड घटक खडकावर बसले की हा कल बदलतो, आणि एकाच नमुन्यात लहान छिद्रं पाण्याची, मोठी छिद्रं तेलाची अशी मिश्र स्थितीही येते. ही मिश्र स्थिती 1973 मध्ये ईस्ट टेक्सास क्षेत्राच्या संदर्भात मांडली गेली.

खरा वाद पेटला तो कोअर धुण्यावरून. कोअर म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा नमुना. तो मोजण्याआधी स्वच्छ करायची पद्धत होती. काचेच्या उपकरणात टोल्युईन उकळतं, वाफ वर थंड होते आणि थेंबाथेंबाने दगडावर पडत राहते. सुरुवातीला खाली काळ्या चहासारखा द्रव उतरतो, मग तो फिकट होत जातो. नितळ झाला की दगड स्वच्छ समजायचा. पारगम्यता मोजायला हे ठीक. पण तेलाने खडकाच्या अंगावर चढवलेलं सगळं त्याच चहात वाहून गेलेलं असतं. मग त्या दगडात पाणी ढकलून किती तेल निघेल याचं भाकीत करायचं, ते कोणत्या खडकाचं? उलट बाजूचं म्हणणं असं, की न धुतलेला नमुनाही वर येताना दाब, तापमान आणि हवेमुळे बदलतोच, शिवाय ड्रिलिंगच्या चिखलातली रसायनं त्यात शिरतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. तरीही मला वाटतं, धुण्याच्या सवयीने या विषयाला कित्येक वर्षं मागे ठेवलं.

1972 च्या एका पाहणीत 55 साठ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश तेलाकडे झुकलेले निघाले, चुनखडीचे तर बहुतेक सगळेच. पण ते मोजमाप कोअरवर नव्हे, गुळगुळीत खनिज स्फटिकांवर झालं होतं, म्हणून आकड्यांवर शंका राहिली. मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीतलाच असल्याने हा प्रश्न आपल्यासाठीही दूरचा नाही.

लॅरमीच्या प्राध्यापकांनी तिसरी वाट घेतली: खडकाला पुन्हा तेलाची सवय लावायची. ओहायोच्या खाणीतला बेरिया वालुकाश्म घ्यायचा, त्यात आधी खारं पाणी, मग कच्चं तेल भरायचं आणि तो गरम ठेवून मुरू द्यायचा. अशा पन्नासहून अधिक प्रयोगांचे निष्कर्ष 1995 मध्ये छापून आले. पाठ्यपुस्तकी समजुतीप्रमाणे पाण्याला घट्ट धरणाऱ्या खडकातून सर्वाधिक तेल निघायला हवं होतं. प्रत्यक्षात ते निघालं पाण्याकडे किंचितच झुकलेल्या, जवळजवळ तटस्थ खडकातून.

त्याच मालिकेत पाण्याची खारटपणाची पातळी बदलून पाहिली गेली. कमी क्षारांच्या पाण्याने जास्त तेल निघालं. मग 1999 मध्ये नेमकं काय लागतं तेही तपासलं गेलं. कच्च्या तेलाऐवजी शुद्ध केलेलं तेल वापरलं, परिणाम गेला. दगड विटेसारखा भट्टीत भाजून त्यातली माती पक्की केली, परिणाम पुन्हा गेला. म्हणजे कच्चं तेल, खडकात आधीपासून असलेलं पाणी आणि सुटी होऊ शकणारी चिकणमाती, तिन्ही हवं.

पुढे स्पष्टीकरणांची गर्दी झाली: बारीक कण सुटतात, आयनांची अदलाबदल होते, खनिजाच्या पृष्ठभागालगतचा विद्युतभारित थर फुगतो. सर्वमान्य उत्तर अजून नाही. तरी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांच्या पश्चिमेला असलेल्या एका ब्रिटिश तेलक्षेत्राचा दुसरा टप्पा सुरुवातीपासून कमी क्षारांच्या पाण्यासाठी आखला गेला आणि 2018 मध्ये त्यातून उत्पादन सुरू झालं. त्या प्लॅटफॉर्मवर समुद्राच्या पाण्यातले क्षार कमी करण्याची यंत्रणा बसवलेली आहे.