चार मीटरची रेघ: काही छोट्या गाड्याच एवढ्या का खपतात

दर महिन्याला गाड्यांच्या विक्रीचे आकडे येतात आणि टॉप टेनमध्ये फिरून फिरून तीच नावं दिसतात. वॅगनआर, स्विफ्ट, डिझायर, बलेनो, ब्रेझा, पंच, नेक्सॉन. मग वाद सुरू होतो, कोणी म्हणतं मायलेज, कोणी म्हणतं रीसेल, कोणी म्हणतं तालुक्याच्या गावातही सर्व्हिस सेंटर आहे म्हणून, आणि एकजण हमखास म्हणणार की आपल्या लोकांना गाड्यांतलं काही कळतच नाही. मायलेज, रीसेल, सर्व्हिस ही तिन्ही कारणं खरीच आहेत, पण या सगळ्याच्या खाली एक कराची रेघ आहे आणि ती धरल्याशिवाय हे आकडे नीट लागत नाहीत.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये आली, १९९८ मध्ये सँट्रो, मॅटिझ, इंडिका एका वर्षात आल्या, २००० मध्ये अल्टो आणि २००५ मध्ये स्विफ्ट, हा भाग सगळ्यांना पाठ आहे म्हणून सोडतो. त्या काळात गाडी छोटी असायची कारण खिसा छोटा होता, एवढं साधं गणित होतं. गाडी किती लांब हे कोणी टेप लावून बघत नव्हतं.

ते बघायला लागले २८ फेब्रुवारी २००६ पासून. त्या दिवशीच्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरचा एक्साइज, म्हणजे कारखान्यातल्या उत्पादनावरचा कर, २४ टक्क्यांवरून १६ वर आणला आणि छोटी गाडी म्हणजे काय याची व्याख्याही तिथंच दिली. लांबी ४००० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत आणि डिझेल असेल तर १५०० सीसीच्या आत. दोन्ही अटी पाळल्या तरच सवलत, एक चुकली की पुन्हा २४. हेतू सांगितला तो असा की भारत हा छोट्या आणि कमी इंधन पिणाऱ्या गाड्यांचा अड्डा व्हावा, जगाला इथून गाड्या जाव्यात.

आठ टक्के म्हणजे किती ते बघा. कारखान्यातून ४ लाखांना निघणारी गाडी धरली तर सरळ ३२ हजारांचा फरक, त्यावर राज्याचा साडेबारा टक्के व्हॅट धरला की ३६ हजार, आणि पुढं रोड टॅक्स, इन्शुरन्सही किमतीच्याच टक्केवारीत. मधल्या व्हेरियंटवरून टॉपला जाण्याइतके हे पैसे होते त्या काळात.

आता या व्याख्येवर तेव्हापासून भांडण आहे ते आहेच. पहिला प्रश्न, चारच मीटर का? ३.८ का नाही, ४.२ का नाही? दुसरा, डिझेलला ३०० सीसी जास्त का? आणि तिसरा, जो सगळे कुजबुजत विचारतात, हे माप कोणाच्या गाडीवर बेतलं होतं? सर्वात मोठ्या कंपनीचं, म्हणजे मारुतीचं, भलं करायला नियम केला असं बरेच जण आजही ठासून सांगतात. मला ते अर्धंच पटतं, कारण २००६ मधली स्विफ्ट पेट्रोल बघा, लांबी ३.७ मीटरच्या आसपास, म्हणजे लांबीत आरामात पास, पण इंजिन १२९८ सीसी, म्हणजे नापास. ९८ सीसीसाठी! ह्युंदाईच्या गेट्झचंही तेच, १३४१ सीसी, शेवटी कंपनीला १.१ लिटरचं इंजिन टाकून स्वस्त गेट्झ आणावी लागली. इंडिकाचं आणखी मजेदार, तेच १४०५ सीसी इंजिन डिझेलमध्ये पास आणि पेट्रोलमध्ये नापास. त्यामुळं नियम एका कंपनीसाठी शिवला होता असं नाही म्हणता येत, पण ज्यांच्याकडं आधीपासून छोट्या गाड्यांचा ढीग होता त्यांना वळायला सोपं गेलं आणि ज्यांची मोठी स्वस्त गाडी होती ते मेले, हे मात्र दिसतंच. २००७ मध्ये आलेली लोगान आठवा. ऐसपैस, दणकट, पाच माणसं खरंच बसायची, पण सव्वाचार मीटर. जास्त जागा देणाऱ्या स्वस्त गाडीला शिक्षा करणारा नियम मला तरी आजही विचित्रच वाटतो.

डिझेलचं जास्तीचं माप मात्र पुढं फार महागात पडलं, म्हणजे काहींना महागात आणि काहींना सोन्यासारखं. २०१० मध्ये पेट्रोलचे दर मोकळे केले, डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारनं धरून ठेवले. मधली चार वर्षं दोन्ही इंधनांत एवढी तफावत होती की लोक पेट्रोल गाडीकडं ढुंकून बघत नव्हते. आणि त्याच वेळी एक १२४८ सीसीचं डिझेल इंजिन, मूळ इटालियन, स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा एकमेकांच्या स्पर्धक गाड्यांत बसत होतं, लोक गमतीनं त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. म्हणजे इंजिन तेच, लांबी साधारण तीच, कर तोच, तरी स्विफ्टला महिनोन्‌महिने वेटिंग आणि पुंटो शोरूममध्ये उभी. इथं मग सर्व्हिस, पार्ट्सची किंमत, रीसेल हे मुद्दे खरे ठरतात. रेघेच्या आत सगळेच आले की मग त्या गोष्टींवर खेळ ठरतो.

रेघेच्या आत येण्यासाठी कंपन्यांनी काय काय केलं ते सांगण्यासारखं आहे. इंडिगोची डिकी छाटून २००८ मध्ये चार मीटरच्या आतली पहिली सेडान निघाली. २०१२ मध्ये झायलो मागून कापली आणि क्वांटो झाली, साडेचार मीटरची गाडी चार मीटरवर. २०१३ मध्ये त्याच लोगानचं नाव तोवर व्हेरिटो झालेलं, तिचीही शेपटी कापून व्हेरिटो वाइब आली, म्हणजे सहा वर्षांनी नियमापुढं मान टाकलीच. पण सगळ्यात गाजलेलं कापाकापीचं काम डिझायरचं. २००८ ची डिझायर ४१६० मिलिमीटर होती, २०१२ ची ३९९५. डिकी ४४० लिटरवरून ३१६ वर आली आणि मागून बघितलं की कोणीतरी घाईत काम उरकलंय असं वाटायचं. समीक्षकांनी नाकं मुरडली. गाडी मात्र आधीपेक्षा जास्त खपली.

का? अमेझ २०१३ मध्ये आली तिची डिकी ४०० लिटर, एक्सेंट २०१४ मध्ये आली तिची ४०७, दोन्ही चार मीटरच्या आत आणि दोन्ही मागून जास्त नीटस. बॅगा भरायच्या असत्या तर लोकांनी त्या घेतल्या असत्या. डिझायर घेणाऱ्याला दिसत होतं की ही आतून स्विफ्टच आहे, पार्ट्स कुठंही मिळतात, पाच वर्षांनी विकली तर हातात चांगले पैसे येतात, आणि टॅक्सीवाल्यांनीही तीच उचलली, त्यातून आकडा आणखी फुगला. टॅक्सीतली गाडी म्हणून काही जण नाक मुरडायचे खरे, पण घरचे म्हणायचे टॅक्सीवाला चालवतो म्हणजे टिकत असणार. शेवटी २०१८ मध्ये डिझायरनं अल्टोला मागं टाकलं. सवलतीमुळं गाडी दुकानात स्वस्त दिसते, पण पुढची दहा वर्षं ती स्वस्त पडेल का हे सर्व्हिसचं नेटवर्क ठरवतं. क्वांटो आणि वाइबलाही सवलत होतीच ना, पण त्या चालल्या नाहीत.

नॅनोचं काय असं कोणीतरी विचारणारच. ती २००९ मध्ये आली, करात बसत होती, लांबीतही बसत होती, पण सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून मिरवलेली गाडी दारात उभी करायला लोक लाजले. त्यावर बरंच लिहून झालंय.

मग उंच गाड्यांची लाट. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली, ३९९९ मिलिमीटर, म्हणजे एक मिलिमीटर राखून. तिचं १.५ पेट्रोल इंजिन १२०० च्या वर गेलं म्हणून त्यावर जास्त कर, आणि सवलतीसाठी १.० लिटरचं टर्बो. छोटं टर्बो इंजिन आपल्याकडं रुजलं त्यात इंजिनीअरांइतकाच करवाल्यांचाही हात आहे असं मला वाटतं. मार्च २०१६ ची ब्रेझा, २०१७ ची नेक्सॉन, २०१९ ची व्हेन्यू आणि एक्सयूव्ही ३००, सगळ्या त्याच खाचेत. एक्सयूव्ही ३०० तर कोरियातली टिव्होली कापून केलेली.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा वाटलं होतं ही रेघ जाईल. गेली नाही, उलट ठळक झाली. पेट्रोल-डिझेलच्या सगळ्या गाड्यांना २८ टक्के आणि वर सेस, म्हणजे जादा अधिभार, छोट्या पेट्रोलला १ टक्का, छोट्या डिझेलला ३, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मधल्या गाड्यांना १७, मोठ्यांना २०, एसयूव्हीला २२. म्हणजे २९ विरुद्ध ४५ ते ५०. एसयूव्ही कशाला म्हणायचं तर लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० च्या वर आणि ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळापर्यंतची उंची, १७० मिलिमीटर किंवा जास्त. म्हणून शोरूममध्ये ज्याला एसयूव्ही म्हणून विकायचे त्यातल्या बऱ्याच गाड्या कागदावर एसयूव्ही नव्हत्याच.

तरीही कर म्हणजे सगळं काही नाही हे दाखवणारी उदाहरणं आहेत आणि ती लपवून चालणार नाही. ब्रेझा सुरुवातीला फक्त डिझेलमध्ये यायची, २०२० मध्ये नवे धुराचे नियम आले आणि तिचं डिझेल बंद होऊन १४६२ सीसीचं पेट्रोल आलं, म्हणजे सवलत गेली, ४५ टक्के कर, तरी ती खपतच राहिली. क्रेटा चार मीटरच्या बरीच वर आहे, मार्च २०२५ मध्ये ती पहिल्या नंबरवर होती. अर्टिगाचंही तेच. लोकांकडं पैसे आले की रेघेची ताकद कमी होते, आणि महामारीनंतर सगळ्यात स्वस्त गाड्यांचं गिऱ्हाईकच आटलं, हा वेगळा विषय आहे.

पंचचं मात्र सांगायलाच हवं. ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, चार मीटरच्या आत, १.२ पेट्रोल, क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे, आणि २०२४ मध्ये दोन लाखांवर विकून वर्षात पहिली आली. जवळपास चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मारुतीची नसलेली गाडी. तारे बघून गाडी घेणारं गिऱ्हाईक २०१८ च्या आधी फारसं नव्हतंच, नेक्सॉनला पाच तारे मिळाले तेव्हापासून ते वाढलं. फक्त हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा, यादीतली विक्री ही बहुतेक वेळा कंपनीनं डीलरला पाठवलेल्या गाड्यांची असते, गिऱ्हाइकानं नेलेल्या नाही, आणि पंचच्या आकड्यात तिची इलेक्ट्रिकही मोजलेली असते, तर स्विफ्ट आणि डिझायर वेगवेगळ्या मोजतात. एकत्र मोजल्या असत्या तर पहिला नंबर कोणाचा यावर पुन्हा भांडता आलं असतं.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला. लांबी आणि इंजिन ही दोन्ही मापं पाळणाऱ्या गाड्यांना १८ टक्के, बाकी पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४०. दोघांचाही कर उतरला म्हणून सगळे खुश, पण फरक बघा, २००६ मध्ये तो ८ टक्के होता, २०१७ मध्ये पेट्रोल गाड्यांसाठी कमीत कमी १६ झाला आणि आता २२. म्हणजे वीस वर्षं ज्या रेघेवर टीका होतेय ती पुसण्याऐवजी आणखी खोल कोरली. आणि त्याच महिन्यात इंधनाच्या नव्या नियमांचा जो मसुदा आला, २०२७ पासून लागू करायचा, त्यात ९०९ किलोपर्यंत वजन, १२०० सीसीपर्यंत इंजिन आणि चार मीटरपर्यंत लांबी असलेल्या पेट्रोल गाड्यांना वेगळी सूट सुचवली. बाकी कंपन्यांनी लगेच ओरड केली की एवढ्या हलक्या गाड्या मुख्यतः एकाच कंपनीकडं, मारुतीकडं, आहेत. २००६ ला माप मिलिमीटरमध्ये होतं, २०२५ मध्ये भांडण किलोवर आलं.