चेन, जॉयस
(१४ सप्टेंबर १९१७ – २३ ऑगस्ट १९९४). चिनी-अमेरिकी पाकतज्ज्ञ, उपाहारगृहचालक, लेखिका व उद्योजिका. मूळ नाव ल्याव च्या-आय. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, हार्व्हर्ड विद्यापीठाच्या केंब्रिज शहरात त्यांनी १९५८ मध्ये उपाहारगृह काढले. उत्तर चीनच्या घराघरात होणारा स्वयंपाक त्यामुळे तिथल्या लोकांच्या ओळखीचा झाला. आज अमेरिकी स्वयंपाकघरात सर्रास दिसणारी सपाट बुडाची, दांड्याची चिनी कढई ही त्यांचीच देणगी.

जन्म बीजिंगचा, घर अधिकाऱ्याचे आणि सुखवस्तू. घरात स्वयंपाकी होता, तरी आईने मुलीला रांधायला शिकवले. पुढेमागे स्वयंपाकी ठेवणे परवडले नाही तर कच्चे तांदूळ खायची वेळ येऊ नये, असे आईचे म्हणणे होते, ही आठवण जॉयसबाई सांगत. एप्रिल १९४९ मध्ये पती टॉमस व हेन्री, हेलन या दोन मुलांसह त्यांनी शांघाय सोडले. पुढच्याच महिन्यात ते शहर साम्यवादी फौजांच्या हाती गेले. केंब्रिजला आल्यावर धाकटा स्टीफन जन्मला.

त्या काळची अमेरिका चिनी माणसाला सहजी दार उघडणारी नव्हती. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी होती. ती १९४३ मध्ये उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ जणांना प्रवेश ठरला. आधी आलेले बहुतेक चिनी दक्षिणेकडच्या क्वांगतुंग प्रांतातले असल्यामुळे ‘चिनी जेवण’ म्हणजे अमेरिकी जिभेला रुळवलेले कॅन्टनी, म्हणजे त्याच प्रांताचे पदार्थ, त्यातही चॉप सुई ही भाज्या-मांसाची परतलेली मिसळण, अशी समजूत पक्की झाली होती. गव्हाच्या पिठावर पोसलेल्या उत्तर चीनची चव तिथे फारच थोड्यांना माहीत होती. केंब्रिजमध्ये शिकायला आलेली चिनी मुले या घरगुती जेवणासाठी चेन कुटुंबाकडे येत.

उद्योगाची सुरुवात मुलांच्या शाळेतल्या जत्रेत झाली. जॉयसबाईंनी विक्रीसाठी एग रोल करून दिले. कुणी घेईल की नाही ही धाकधूक होती, पण ते हातोहात संपले आणि आणखी मागणी आली. वर्षभरात काँकर्ड अव्हेन्यूवर ‘जॉयस चेन रेस्टॉरंट’ उभे राहिले. पेकिंग डक (पेकिंग हे बीजिंगचे जुने नाव), मू शू पोर्क (पातळ पोळीत गुंडाळून खायचे परतलेले डुकराचे मांस), तिखट-आंबट सूप हे पदार्थ त्या परिसरात प्रथम इथेच रुजले. मंगळवारी आणि बुधवारी गिऱ्हाईक कमी असे, म्हणून त्या दोन संध्याकाळी बुफे ठेवला. नवखा माणूस अनोळखी पदार्थाचे पूर्ण पैसे मोजायला कचरतो. बुफेत त्याला चमचाभर घेऊन बघता येई. पदार्थांची नावे चिनी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत छापून शेजारी क्रमांक दिला, म्हणजे उच्चार जमला नाही तरी कुणाचे अडू नये. भारतात अमेरिकेचे राजदूत राहिलेले अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गॅलब्रेथ इथल्या गिऱ्हाइकांपैकी होते.

सर्वांत गाजला तो एक साधा पदार्थ. पाण्यात मळलेल्या पिठाची पुरीएवढी पारी लाटायची, आत डुकराच्या खिम्याचे आणि कोबीचे सारण भरायचे आणि काठाला करंजीसारखी मुरड घालायची. तव्यावर थोड्या तेलात ओळीने मांडून बूड लालसर होऊ द्यायचे, मग पाणी घालून झाकण ठेवायचे. पाणी आटेस्तोवर पारी वाफेने मऊ होते आणि खालून पुन्हा कुरकुरीत होते. चिनीत याला क्वो-थ्ये, म्हणजे ‘भांड्याला चिकटलेले’, म्हणतात. बॉस्टनच्या आसपास इटालियन वस्ती मोठी. सारण भरलेले पीठ म्हटले की तिथल्या माणसाला रॅव्हिओली आठवणार, हे ओळखून जॉयसबाईंनी नाव ठेवले ‘पेकिंग रॅव्हिओली’. नाव बदलले तरी पदार्थाला त्यांनी हात लावला नाही, आणि त्यांच्या कामाचे मोठेपण मला इथेच दिसते. परक्या पाहुण्यासाठी चव पातळ करण्यापेक्षा त्याच्या वाटेतली अडचण काढून टाकावी, ही त्यांची रीत. नावे, क्रमांक, बुफे आणि पुढे कढई, सगळीकडे तीच दिसते.

१९६२ मध्ये त्यांचे पाकपुस्तक तयार झाले, पण प्रकाशकाला रंगीत चित्रे नको होती. त्यांनी ते स्वतःच छापायचे ठरवले आणि उपाहारगृहातच आगाऊ नोंदणी घेतली. छपाईआधीच सुमारे ६,००० प्रती खपल्या. प्रस्तावना हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांची होती. १९६६-६७ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या दूरचित्रवाणी केंद्रावर ‘जॉयस चेन कुक्स’ ही २६ भागांची मालिका झाली. ज्युलिया चाइल्ड यांचा फ्रेंच पाककृतींचा कार्यक्रम ज्या स्वयंपाकघरात चित्रित होई, तेच स्वयंपाकघर सजावट बदलून वापरले गेले. परदेशातून आलेली बाई आपल्याच उच्चारांतल्या इंग्रजीत देशभरच्या लोकांना परतायला आणि चिरायला शिकवते आहे, हे तेव्हाच्या अमेरिकी पडद्यावर नवलाचे होते.

याच सुमारास त्यांचा घटस्फोट झाला. तीन मुले आणि वाढता धंदा यांची कर्ती बाई आता त्याच होत्या. १९६७ ते १९७४ या काळात केंब्रिजमध्ये त्यांची आणखी उपाहारगृहे निघाली.

चिनी कढईचे बूड गोल असते, कारण ती चुलीच्या तोंडात अर्धी उतरून बसते आणि जाळ तिला चहूबाजूंनी वेढतो. अमेरिकी घरातल्या विजेच्या सपाट शेगडीवर हीच कढई डुगडुगते, टेकते तेवढ्या ठिपक्यापुरतीच तापते आणि भाजी परतण्याऐवजी शिजून पाणी सोडते. (घरात इंडक्शन आल्यावर आजीची कढई माळ्यावर टाकावी लागली, त्या मराठी घरांना हे समजावून सांगायला नको.) जॉयसबाईंनी बूड सपाट केले, एका बाजूला लांब दांडा बसवला आणि १९७१ मध्ये ‘पेकिंग पॅन’ या नावाने तिचे पेटंट घेतले. त्यांनी भांड्यांची कंपनी काढली आणि पुढे १९८२ मध्ये बाटलीबंद सॉस विकणारी कंपनीही निघाली.

१९७२ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या चीनभेटीच्याच वर्षी, त्या हेलन आणि स्टीफनला घेऊन मायदेशी जाऊन आल्या. त्या प्रवासाचा माहितीपट पुढच्या वर्षी अमेरिकी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला.

अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशात गेली. हातच्या चवीवर सगळे उभे केलेल्या बाईची स्मृतीच हरपावी, हे वाचताना गलबलून येते. लेक्सिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. शेवटचे उपाहारगृह १९९८ मध्ये बंद झाले. हेलनने पाकपुस्तके आणि स्वयंपाकाच्या साधनांचे, तर स्टीफनने खाद्यपदार्थांचे काम पुढे नेले. २०१२ मध्ये केंब्रिजच्या सेंट्रल स्क्वेअरमध्ये जॉयसबाईंच्या ९५ व्या जन्मदिनानिमित्त डंपलिंगचा, म्हणजे अशा सारण भरलेल्या पिठाच्या पदार्थांचा, उत्सव भरला. २०१४ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने पाच पाकतज्ज्ञांची तिकिटे काढली, त्यांत ज्युलिया चाइल्ड यांच्याबरोबर जॉयस चेनही होत्या. बॉस्टन भागातल्या कित्येक चिनी खाणावळींच्या कार्डावर ‘पेकिंग रॅव्हिओली’ हेच नाव अजून छापलेले असते.