भारतीय नौदल : भूमिका आणि आधुनिक ताफा

भारतीय नौदल हे भारताच्या सशस्त्र दलांपैकी समुद्राची जबाबदारी असलेले दल. मुख्यालय नवी दिल्लीत. पश्चिम विभागाचे ठाणे मुंबईत, पूर्वेचे विशाखापट्टणमला आणि दक्षिणेचे कोचीला. त्यापैकी कोचीकडे मुख्यतः प्रशिक्षण. अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची मिळून एक संयुक्त कमांड आहे. युद्धात शत्रूचे आरमार रोखणे आणि त्याची बंदरे कोंडणे हे नौदलाचे काम सगळ्यांना ठाऊक असते. शांततेतले काम मात्र वर्षाचे बाराही महिने चालते आणि त्याची बातमी क्वचित होते. भारताचा परदेशी व्यापार वजनाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याने सुमारे ७० टक्के समुद्रमार्गे होतो. हा रस्ता वाहता ठेवणे हेच त्या कामाचे सार.

नाशिककरांना फौजेचे अप्रूप नाही. देवळालीत तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र, ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना, गांधीनगरला लष्कराच्या वैमानिकांची शाळा. जिल्ह्यात लष्कराचा हिरवा आणि हवाई दलाचा निळा गणवेश रोज दिसतो. नौदलाचा पांढरा गणवेश दिसला तर तो रजेवर आलेल्या एखाद्या पोराच्या अंगावर. त्र्यंबकेश्वरापासून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर, पण ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. तरीही नौदलाचे काम समजून घ्यायला नाशिक जिल्हा सोयीचा, कारण इथल्या द्राक्षांचा भाव काही वेळा येमेनच्या किनाऱ्यावर ठरतो.

द्राक्षांचा रस्ता

निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातले निर्यातीचे द्राक्ष जानेवारी ते एप्रिल या काळात युरोपला निघते. पॅकहाऊसमध्ये घड कातरून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत) भरायचे, पेटीत माल टिकवणारा ग्रेप गार्डचा कागद टाकायचा, प्रीकूलिंग करायचे आणि रीफर म्हणजे शीतकंटेनर शून्य अंशाच्या आसपास ठेवून मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराला रवाना करायचा. तिथून जहाज एडनचे आखात, येमेनलगतची बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी, तांबडा समुद्र आणि सुएझ कालवा या वाटेने रॉटरडॅम गाठते. या हिशेबात वेळ फार मोलाचा. माल जितका उशिरा पोहोचेल तितके देठ सुकतात, मणी गळतात आणि तिकडचा खरेदीदार भाव पाडून मागतो.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सोडायला सुरुवात केली. मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जहाजे न्यायला घेतली. या वळशाने प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला आणि भाडे कितीतरी चढले. २०२४ चा द्राक्ष हंगाम नेमका याच कचाट्यात सापडला.

हूथींवर हल्ले करणाऱ्या पाश्चात्त्य आघाडीत भारत सामील झाला नाही. मात्र एडनचे आखात आणि उत्तर अरबी समुद्रात नौदलाने आपल्या युद्धनौकांची संख्या भराभर वाढवली. २६ जानेवारी २०२४ रोजी ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा आयएनएस विशाखापट्टणम या युद्धनौकेवरचे अग्निशमन पथक त्यावर चढले. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावरच्या खलाशांना आयएनएस कोलकाताने वाचवले. या गडबडीचा फायदा घेऊन सोमाली चाचे पुन्हा डोके वर काढू लागले होते, त्यामुळे नौदलाला एकाच वेळी दोन आघाड्यांवर लक्ष ठेवावे लागले.

चाच्यांविरुद्धची एक लांबलेली कारवाई ‘रुएन’ या मालवाहू जहाजावरची. डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेले हे जहाज चाचे तरंगत्या अड्ड्यासारखे वापरत होते. मार्च २०२४ मध्ये भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर आयएनएस कोलकाताने ते गाठले. युद्धनौकेने टेहळणीसाठी सोडलेला ड्रोन चाच्यांनी गोळ्या झाडून पाडला. मग कोलकाताने रुएनची सुकाणू आणि दिशादर्शन यंत्रणा निकामी केली, म्हणजे जहाज सोमालियाच्या किनाऱ्याकडे पळू शकणार नाही. हवाई दलाच्या सी-१७ विमानातून नौदलाचे मार्कोस कमांडो बोटींसह समुद्रात उतरवले गेले. सुमारे चाळीस तासांनंतर, १६ मार्चला, ३५ चाच्यांनी शरणागती पत्करली आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. एडनच्या आखातातली नौदलाची गस्त ऑक्टोबर २००८ पासून चालू आहे, त्यामुळे हे पाणी त्यांच्या ओळखीचे होते.

घडण

मराठी वाचकाला आरमार म्हटले की शिवछत्रपती आणि कान्होजी आंग्रे आठवतात, आणि तो अभिमान आता नौदलाच्या निशाणावरही आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी स्वीकारलेल्या निशाणातला अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. २०२३ चा नौदल दिनही सिंधुदुर्गात, तारकर्लीच्या किनाऱ्यावर साजरा झाला. संघटना म्हणून आजचे दल मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातून आणि पुढच्या ‘रॉयल इंडियन नेव्ही’तून आले. ‘रॉयल’ हा शब्द २६ जानेवारी १९५० रोजी गळाला. त्याआधी फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या ‘तलवार’ या तळावर नाविकांनी केलेल्या उठावाने ब्रिटिशांना चांगलाच हादरा दिला होता.

४ डिसेंबर हा नौदल दिन १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याची आठवण. निपात, निर्घात आणि वीर या छोट्या क्षेपणास्त्र नौकांनी त्या रात्री ‘खैबर’ विनाशिका आणि ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका बुडवली. पाचच दिवसांनी दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’ने आयएनएस खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौकेसह गेले. विजयाच्या गोष्टीत हा दुसरा भाग हळू आवाजात सांगितला जातो. पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात पाणबुडी काय करू शकते, हे त्यानेच शिकवले.

आयएनएस गोदावरी

नाशिकच्या नदीचे नाव घेतलेली फ्रिगेट (विनाशिकेहून लहान युद्धनौका) मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली आणि १० डिसेंबर १९८३ रोजी नौदलात दाखल झाली. त्याआधीच्या निलगिरी वर्गाच्या नौका ब्रिटिश ‘लिअँडर’ आराखड्यावर परवान्याने बांधलेल्या. गोदावरीच्या वेळी नौदलाच्या स्वतःच्या आराखडाकारांनी तो आराखडा मोठा केला. सुमारे १२६ मीटर लांबीचा नवा सांगाडा आखला आणि त्यात सोव्हिएत क्षेपणास्त्रे, पाश्चात्त्य उपकरणे आणि भारतीय बनावटीची यंत्रणा एकत्र बसवली. दोन सी-किंग हेलिकॉप्टरांची सोय केली. सोव्हिएत आणि पाश्चात्त्य यंत्रणा एकमेकींशी बोलत्या करणे त्या काळी कोणी सोपे समजत नव्हते. पुढच्या दिल्ली, शिवालिक आणि कोलकाता वर्गांना जो आत्मविश्वास लाभला, त्याची सुरुवात इथे आहे.

नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधले बंड मोडायला आग्र्याहून निघालेले छत्रीधारी सैनिक हुलुले विमानतळावर उतरले. तेव्हा भाडोत्री बंडखोर ‘प्रोग्रेस लाइट’ हे जहाज पळवून, ओलिसांना घेऊन श्रीलंकेच्या दिशेने निघाले. नौदलाच्या टेहळणी विमानाने माग ठेवला, बेतवा आणि गोदावरी या नौकांनी जहाज गाठले. वाटाघाटी फसल्यावर तोफा डागून ते थांबवण्यात आले आणि नौसैनिक त्यावर चढले. गंगा आणि गोमती या तिच्या दोन बहिणी. गोदावरी २३ डिसेंबर २०१५ ला निवृत्त झाली. तोवर तिने एडनच्या आखातातली गस्तही घातली होती.

आजचा ताफा

ताफ्याच्या मध्यभागी दोन विमानवाहू नौका आहेत. आयएनएस विक्रमादित्य रशियाकडून घेऊन, नव्याने उभी करून २०१३ मध्ये दाखल झाली. आयएनएस विक्रांत कोचीन शिपयार्डमध्ये बांधली गेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. लांबी २६२ मीटर, वजन सुमारे ४५ हजार टन. दोन्हींवरून मिग-२९के विमाने वर वळलेल्या धावपट्टीच्या जोरावर उडतात. त्यांच्या जोडीला २६ राफेल-एम विमानांचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला. तिसऱ्या विमानवाहू नौकेची चर्चा मात्र वर्षानुवर्षे चालली आहे. एक नौका दुरुस्तीला गोदीत गेली की दोन किनाऱ्यांसाठी एकच उरते. हिशेब इतका साधा आहे, पण खर्च साधा नाही.

विमानवाहू नौकेभोवती विनाशिका आणि फ्रिगेटचे कडे असते. विशाखापट्टणम, मोरमुगाव, इम्फाळ आणि सुरत या माझगाव गोदीने बांधलेल्या चार विनाशिका २०२१ ते २०२५ या काळात दाखल झाल्या. प्रत्येकी सुमारे ७,४०० टन, ब्राह्मोस आणि बराक-८ क्षेपणास्त्रांनी सज्ज. १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत सुरत विनाशिका, निलगिरी फ्रिगेट आणि वागशीर पाणबुडी अशी तीन जहाजे एकाच समारंभात दाखल झाली. नव्या निलगिरी वर्गात सात फ्रिगेट आहेत. चार माझगाव गोदीच्या, तीन कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीच्या. परदेशात बांधलेली शेवटची मोठी युद्धनौका म्हणून जुलै २०२५ मध्ये रशियात दाखल झालेल्या तमालचे नाव घेतले जाते.

पाण्याखाली कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या फ्रेंच आराखड्यावर माझगावला बांधल्या गेल्या; वागशीर त्यांतली सहावी. जुन्या रशियन आणि जर्मन पाणबुड्या अजून सेवेत आहेत आणि वयाने थकत चालल्या आहेत. अणुशक्तीवर चालणाऱ्या अरिहंत आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली अरिघात यांचे काम निराळे. त्या अण्वस्त्रे घेऊन दडून राहतात, म्हणजे देशावर पहिला घाव पडला तरी उलट वार करता येईल. आकाशातून बारा पी-८आय विमाने अरक्कोणम आणि गोव्याहून हिंदी महासागर धुंडाळतात.

उथळ पाण्यातली उणीव

समारंभात मोठ्या नौकांचे फोटो निघतात. बंदर चालू राहणे मात्र पुष्कळदा छोट्या नौकांवर अवलंबून असते, आणि इथे ताफ्याची एक बाजू लंगडी आहे. पाण्यात पेरलेले सुरुंग शोधून निकामी करणारी खास जहाजे भारतीय नौदलाकडे २०१९ नंतर उरली नाहीत. जुनी निवृत्त झाली, नवी बांधायचा बेत वारंवार अडला. जुलै २०२५ मध्ये अशा बारा जहाजांच्या खरेदीला संरक्षण खरेदी परिषदेने प्राथमिक मंजुरी दिली, पण मंजुरी आणि जहाज यांत बरीच वर्षे जातात. न्हावा-शेव्याच्या वाटेवर सुरुंग असल्याची नुसती शंका आली, तरी विमा कंपन्या आणि कप्तान जहाज आत आणायला तयार होणार नाहीत. पिंपळगावचे रीफर मग बंदराबाहेर डिझेल जाळत उभे राहतील आणि ब्राह्मोसवाली विनाशिका त्यावर काही करू शकणार नाही.

पाणबुड्यांच्या बाबतीत मात्र हालचाल झाली. उथळ पाण्यात पाणबुडी शोधणाऱ्या सोळा नौकांचा कार्यक्रम सुरू आहे. त्यातली पहिली आयएनएस अर्नाळा जून २०२५ मध्ये दाखल झाली. नाव वसईजवळच्या जलदुर्गाचे. सुमारे ७७ मीटरची ही नौका पंख्याऐवजी वॉटरजेटवर चालते, म्हणून कमी खोलीत चपळ राहते. खुकरीच्या वेळी असे काही हाताशी नव्हते.

किनाऱ्याजवळची रोजची गस्त मुख्यतः तटरक्षक दल आणि सागरी पोलीस करतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे सोपवण्यात आली.

ओझरचा वाटा

समुद्र नसलेल्या नाशिकचा सागरी संरक्षणात एक थेट हात आहे, तोही हवाई दलामार्फत. ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात बांधल्या जाणाऱ्या सुखोई-३० एमकेआय विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्राह्मोस टांगायचे, तर सांगाडा मजबूत करावा लागतो आणि वायरिंगपासून बरेच बदल करावे लागतात. हे काम ओझरला झाले आणि जून २०१६ मध्ये क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाणही तिथूनच झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये या जोडीने बंगालच्या उपसागरात लक्ष्य भेदले. जानेवारी २०२० पासून तंजावरच्या तळावर अशा विमानांची तुकडी आहे. हिंदी महासागरातल्या जहाजांवर दुरून मारा करणे हे तिच्या कामांपैकी एक.

मनुष्यबळ

नाविकांची भरती आता अग्निपथ योजनेतून, अग्निवीर म्हणून होते आणि त्यांचे पहिले प्रशिक्षण ओडिशातल्या चिल्का तळावर. इंजिन आणि यंत्रसामग्रीचे शिक्षण लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत. अधिकारी पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून किंवा थेट केरळमधल्या एळिमलाच्या नौदल प्रबोधिनीतून येतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार २०२२ मध्ये मुलींना उघडल्यावर राज्य सरकारने मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये नाशिकमध्येच सुरू केली. दहावीनंतर निवड झालेल्या मुली तिथे दोन वर्षे राहून प्रबोधिनीच्या लेखी परीक्षेची आणि मुलाखतीची तयारी करतात. त्या परीक्षेचा अर्ज भरताना लष्कर, नौदल, हवाई दल यांचा पसंतीक्रम लिहावा लागतो.