मोर्च्यात पहिल्या रांगेत, कमिटीत कुठे? पुण्यातल्या कामगार बायका आणि युनियन

पुण्यात कुठलाही कामगार मोर्चा बघा, महापालिकेवर जायचा असो नाहीतर कलेक्टर कचेरीवर, पहिल्या दोन-तीन रांगा बायकांच्या असतात. बॅनर त्यांच्याकडे, घोषणा त्यांच्या, उन्हात तासन् तास बसणंही त्यांचंच. पोलिस हात उचलायच्या आधी जरा विचार करतात हा त्यातला एक हिशोब, आणि फोटो चांगला येतो हा दुसरा. मग साहेबांनी शिष्टमंडळाला आत बोलावलं की जे पाच जण केबिनमध्ये जातात त्यात बाई एखादीच, आणि बऱ्याचदा तीही निवेदन देतानाच्या फोटोपुरती. हे काही काल-परवाचं नाहीये, जवळजवळ युनियन सुरू झाल्यापासूनचं आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. नारायण मेघाजी लोखंडे, जोतिरावांच्या सत्यशोधक समाजातले, यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. रविवारच्या सुट्टीसाठी एप्रिल 1890 मध्ये मुंबईत रेसकोर्सवर जी मोठी सभा झाली त्यात दोन कामगार बायकांनी भाषणं केली होती. विचार करा, 1890 साली, हजारो पुरुषांसमोर. सुट्टी मिळाली, लोखंडे पुस्तकात आले, त्या दोघींची नावं आपल्याला कोणी शाळेत शिकवली नाहीत.

पुढे बाळंतपणाच्या रजेचा प्रश्न आला. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकर या बिलाच्या बाजूने बोलले आणि 1929 ला मुंबई प्रांतात कायदा झाला, सगळ्या देशासाठी व्हायला मात्र 1961 उजाडलं. त्या काळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार बाई होती. बायकांना रात्रपाळीची बंदी होतीच, त्यात नवी यंत्रं आली, बाळंतपणाचा खर्च नको म्हणून मालकांनी बायका घेणं कमी केलं, आणि युनियनवाल्यांनी याच्यावर फार काही रान उठवलं नाही, कारण घर चालवणारा तो पुरुष हे त्यांच्याही डोक्यात पक्कं बसलेलं होतं. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या अहिल्या रांगणेकरांसारख्या काही जणींनी पुढे परळमध्ये कामगार बायकांची वेगळी फळी बांधली, पण एकूण बघितलं तर संघटित उद्योगातली बाई हळूहळू कमीच होत गेली. माझं मत विचाराल तर युनियनने बायकांना हाकललं नाही, पण त्या जाताना थांबवलंही नाही.

पुण्यात गाडी जरा वेगळ्या रस्त्याने गेली, आणि इथेच खरी मजा आहे. बायकांच्या युनियन इथे कारखान्याच्या गेटवर फार वाढल्या नाहीत, त्या वाढल्या सोसायटीच्या जिन्यात, कचराकुंडीजवळ, अंगणवाडीत. म्हणजे जिथे मालक कोण हेच धड सांगता येत नाही तिथे. एक वाट आधी तयार झाली होती, बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात उभी केलेली हमाल पंचायत. हमालाला कायमचा एक मालक नसतो, आज या गाळ्यावर उद्या त्या, तरी त्याची संघटना होऊ शकते, 1969 मध्ये ओझी वाहणाऱ्या कामगारांसाठी माथाडी कायदाही होऊ शकतो, हे पुण्याने पाहिलेलं होतं.

1980 मध्ये घरकाम करणाऱ्या बायकांनी इथे संप केला. आजारपणामुळे खाडे झाले म्हणून एका बाईला कामावरून काढलं आणि आजूबाजूच्या बायकांनी भांडी तशीच ठेवून काम बंद केलं. कोणी वरून आदेश दिला नव्हता, आधी संप झाला आणि संघटना नंतर, पुणे शहर मोलकरीण संघटना. मागण्या काय होत्या तर पगारवाढ, आठवड्याची सुट्टी, आजारपणात पगार कापू नये, दिवाळीला बोनस. आज ऑफिसात बसून आपण हे सगळं घेतो आणि घरच्या ताईंनी दोन दिवस सुट्टी मागितली की तोंड वाकडं करतो, हे जाता जाता. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आला 2008 मध्ये, म्हणजे त्या संपानंतर 28 वर्षांनी.

आता कचरा वेचणाऱ्यांची युनियन, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. याच्यावर थोडं जास्त लिहितो कारण युनियनमध्ये बाई असणं आणि युनियनच बाईची असणं यातला फरक इथे दिसतो. 1990 च्या सुमारास एसएनडीटी विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेल्या. पोरं कुंडीत का, तर आया कुंडीत म्हणून. मग विचार असा निघाला की कुंडीत हात घालण्यापेक्षा लोकांनी घरातच कचरा वेगळा करून दिला तर? काही बायकांना ओळखपत्रं देऊन सोसायट्यांमधून सुका कचरा मिळायला लागला, कामाचे तास कमी झाले, माल स्वच्छ म्हणून भावही बरा. तेवढ्यात एका उद्योजकाने गाड्या लावून तोच कचरा उचलायचं ठरवलं. बायका गाड्यांसमोर उभ्या राहिल्या. मे 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा भरला, शेकडो कचरावेचक आल्या, आणि कामगार युनियन म्हणूनच नोंदणी झाली. बहुतेक सदस्य बायका, त्यातही मोठा भाग दलित समाजातल्या, अनेक जणी 1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या घरांतल्या.

या युनियनची मीटिंग म्हणजे वस्तीवस्तीतून आलेल्या प्रतिनिधींची. विषय सुरू होतो पुठ्ठ्याच्या भावापासून, भंगारवाल्याच्या काट्यापासून, मुकादमाच्या शिव्यांपासून, आणि बघता बघता नवऱ्याच्या मारहाणीवर नाहीतर कोणाच्या तरी तेरा-चौदाच्या पोरीचं लग्न ठरलंय त्याच्यावर येतो. बालविवाह करायचा नाही असे ठराव या युनियनने घेतलेत आणि लग्न थांबवायला बायका गेल्यातही. पुरुषांच्या युनियनमध्ये हे ‘घरगुती’ म्हणून बाजूला काढलं असतं. इथे ते अजेंड्यावर आलं कारण अजेंडा ठरवणाऱ्याच त्या होत्या, इतकं साधं आहे ते.

आकडेमोडही त्यांनी केली. आपण उचलतो म्हणून महापालिकेचा वाहतुकीचा किती खर्च वाचतो याचा अभ्यास करून तो पालिकेसमोर ठेवला, आणि 2002-03 पासून पालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. मग स्वच्छ ही त्यांची सहकारी संस्था, आणि 2008 मध्ये पालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचा करार. आज तीन हजारांहून जास्त जण हे काम करतात. सॅनिटरी पॅडचा विषयही यांनीच काढला. वापरलेलं पॅड उघडं टाकलं की ते हाताने वेगळं करावं लागतं, आणि वेगळं करणारी बाईच असते. 2013 मध्ये त्यांनी वापरलेली पॅड गोळा करून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली, मग जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या आणि कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायची मोहीम आली. पुरुष नेत्याच्या भाषणात हा मुद्दा कधी आला असता का, मला तरी शंका आहे.

महापालिकेच्या झाडूवाल्या बायका वेगळ्या युनियनमध्ये आहेत, पुणे महानगरपालिका कामगार युनियन. तिथे मुक्ता मनोहर यांनी वर्षानुवर्षं नेतृत्व केलं, आणि कंत्राटी कामगारांचा प्रश्न लावून धरला. अंगणवाडी सेविकांचं तर विचारूच नका. अंगणवाडीची योजना 1975 ची, पण अजून पगार नाही, मानधन. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना ग्रॅच्युइटी लागू असल्याचा निकाल दिला, तरी 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर 52 दिवस संप करावा लागला. मुलांचा आहार, लसीकरणाच्या याद्या, निवडणुकीची कामं सगळं यांच्याच गळ्यात आणि कामगार म्हणायची वेळ आली की सरकार कानावर हात ठेवतं.

उरला कारखाना. भोसरी, चाकणकडे वायरिंग हार्नेसच्या (गाड्यांमधल्या वायरींच्या जुड्या), इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर आज भरपूर पोरी दिसतात, पण बहुतेक कंत्राटी नाहीतर ट्रेनी. कायम कामगारांच्या युनियनमध्ये त्यांना मेंबर व्हायला अनेक ठिकाणी जागाच नाही, आणि जिथे आहे तिथे मीटिंग शिफ्ट सुटल्यावर रात्री आठला. त्या वेळी घरी कुकर कोण लावणार हा प्रश्न कमिटीतल्या एकालाही पडत नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी 2013 चा कायदा आहे, दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागते आणि तिच्यात निम्म्या तरी बायका लागतात. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत तक्रार निवारण समितीवरही बायका त्यांच्या कामगारांमधल्या प्रमाणात असाव्यात असं आलंय. युनियनच्या स्वतःच्या कार्यकारिणीत किती बायका हव्यात, याची सक्ती मात्र त्यात नाही. ते युनियनच्या घटनेवर आणि पुढच्या निवडणुकीत कोण फॉर्म भरतं यावर आहे.