मानेचे व्यायाम ॲपवर करताय? ‘झाले’चे बटण जपून दाबा

मानदुखीसाठी आमच्या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये व्यायामाचे ॲप असते. कुणाला आम्ही सुचवलेले, कुणी स्वतः शोधलेले. मग काही जण विचारतात, “ॲप आहे, तर परत तुमच्याकडे कशाला यायचं?” आणि काहींची तक्रार असते, “महिना झाला, रोज करतोय, फरक नाही.” दोन्हींचे उत्तर एकाच जागी सापडते, म्हणून हे पत्रक.

ॲपला आमचा विरोध नाही. तासन्‌तास एका जागी बसून आखडलेल्या मानेला व्यायामाचा चांगला उपयोग होतो, आणि आमच्याकडे आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा घरी रोज दहा मिनिटे केलेला कधीही बरा. रोज आठवण करून देणे ॲपला जमते, आम्हाला नाही.

घोळ होतो तो नोंदीत. दिवसभर राहून जाते, रात्री अंथरुणावर आठवण वाजते आणि आपण ‘झाले’ दाबून मोकळे होतो. काही जण तर रविवारी बसून अख्ख्या आठवड्याच्या खुणा करतात. ॲपला तेवढेच कळते. अनेक ॲप या नोंदीवरूनच पुढची पायरी लावतात: दहाचे पंधरा होतात, नुसत्या हालचालीच्या जागी रबरी पट्टा येतो. मान मात्र पहिल्याच दिवसावर असते. मग ती दुखावते आणि बोल लागतो व्यायामाला. तुम्ही आलात की तोच भरलेला आलेख पाहून आम्हीही पुढचे व्यायाम देतो, आणि चुकले कुठे हे शोधण्यात दोन भेटी जातात.

रिकामा दिवस रिकामाच ठेवा. आम्ही रागावत नाही, उलट तो आमच्या कामाचा असतो. दर बुधवार-गुरुवार रिकामा दिसला, तर त्या दिवशी काम उशिरा संपते हे कळते आणि व्यायाम सकाळवर नेता येतो. दुखण्याचा ० ते १० मधला आकडाही आजचा टाका, सवयीने कालचाच नको.

आता हनुवटी आत घेण्याचा व्यायाम, कारण तो बहुतेक ॲपमध्ये असतो आणि बहुतेकांचा चुकतो. व्हिडिओ पाहून हनुवटी छातीकडे खाली नेली जाते. तसे नाही. नजर समोर ठेवा आणि कासव मान आत ओढते तशी हनुवटी सरळ मागे घ्या, थोडीशीच. ५ ते १० सेकंद थांबा, श्वास रोखू नका. मानेच्या ७ मणक्यांना पुढून लागून जे खोलातले स्नायू असतात, त्यांच्यासाठी हा व्यायाम आहे. सुमारे ५ किलोचे डोके सावरायला ते हवेत. करताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना हलकेच बोटे ठेवा. तिथे दोरीसारखे काही ताठ लागले, तर जोर जास्त होतोय. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर टेकवून ठेवा, मांडीवर नको.

कॅमेऱ्याला मानेचा कोन दिसतो, कोणता स्नायू काम करतोय हे दिसत नाही. ते हात लावूनच कळते. म्हणून आम्ही एक भेट आधी आणि एक दोन-तीन आठवड्यांनी ठेवायला सांगतो. मधले दिवस ॲपचे.

हातात मुंग्या येत राहिल्या, वस्तू हातातून सुटू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तापाबरोबर मान ताठ झाली किंवा पडल्यावर-अपघातानंतर दुखणे सुरू झाले, तर ॲप बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या भेटीला मोबाइल चार्ज करून आणा. ॲप कोणतेही असो, त्यातले तुमच्या मानेला न चालणारे व्यायाम आम्ही काढून देऊ. न करता केलेल्या खुणा असतील तर आल्या आल्या सांगा, म्हणजे मागच्या पायरीपासून नीट लावून देता येईल.